'ॲक्टिव्हेट विंडोज' दर सहा महिन्यांनी परत येतंय? नवी की घेण्याआधी चॅनल बघा

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर, फिकट करडी अक्षरं उमटतात: 'ॲक्टिव्हेट विंडोज'. कराडच्या माझ्या दुकानात या तक्रारीचं मशीन आलं नाही असा आठवडा जात नाही. त्यातली बरीचशी मशीन आधी एकदा येऊन गेलेली असतात. एक क्लासवाले सर तर तिसऱ्यांदा आले. लॅपटॉप काउंटरवर ठेवून म्हणाले, "अहो, गेल्या वेळी की टाकली होती की! मग परत कशी गेली?"

प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोजच्या लायसन्सची पंचवीस अक्षरं, गेलेली नव्हती, जिथे टाकली होती तिथेच होती. लोकांची, आणि खरं सांगायचं तर माझीही बरीच वर्षं, समजूत अशी होती की ती पंचवीस अक्षरं म्हणजे कुलपाची किल्ली: एकदा लावली की दार उघडलं. प्रत्यक्षात ती अक्षरं दूधवाल्याच्या कुपनासारखी असतात. कुपन कुणाच्या नावावर फाडलंय आणि कितव्यांदा वापरलं जातंय, याचा हिशेब दुसरीकडे असतो. तो हिशेब कुठे आहे हे न बघता नवी की टाकली, तर सहा महिन्यांनी आपण परत काउंटरवर भेटणार.

आधी हे करा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकट उघडेल. त्यात लिहायचं, फोनवर गिऱ्हाइकाला सांगतो तसंच सांगतो: एस-एल-एम-जी-आर, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावर आहे ती), आणि तिला चिकटून डी-एल-व्ही. एंटर. चार-पाच सेकंद काहीच होणार नाही, म्हणून परत परत एंटर मारू नका, नाहीतर तेवढ्या खिडक्या उघडतील.

जी खिडकी येईल त्यात वीसेक ओळी असतात. आपल्याला तीनच बघायच्या. एक, 'डिस्क्रिप्शन'च्या ओळीत शेवटी 'चॅनल' हा शब्द असतो, त्याच्या अलीकडे काय लिहिलंय ते (चॅनल म्हणजे लायसन्स कुठल्या वाटेने आलंय ते). दोन, 'पार्शल प्रॉडक्ट की', म्हणजे कीची शेवटची पाच अक्षरं. तीन, 'एक्स्पायरेशन' असं लिहिलेली ओळ आहे का. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

सरांच्या लॅपटॉपवर चॅनल होतं 'व्हॉल्यूम केएमएसक्लायंट', शेवटची पाच अक्षरं टी-८-३-जी-एक्स, आणि खाली मुदत मिनिटांत. नुकतंच जुळवलेलं असेल तर तिथे २५९२०० मिनिटं दिसतात. १४४० ने भागा: बरोबर १८० दिवस. दिवाळीच्या सुट्टीत फॉर्मॅट मारला की अक्षय्य तृतीयेच्या आसपास कोपऱ्यात अक्षरं का उमटतात, त्याचं उत्तर याच ओळीत आहे.

केएमएस म्हणजे काय भानगड आहे

केएमएस म्हणजे 'की मॅनेजमेंट सर्व्हिस'. मोठी कंपनी किंवा कॉलेज, जिथे शेकड्यांनी मशीन, तिथे प्रत्येकावर वेगळी की कोण टाकत बसणार? म्हणून २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने सोय काढली. संस्थेच्या आतच एक सर्व्हर ठेवायचा. निदान २५ मशीननी त्याच्याकडे हजेरी लावली की तो सगळ्यांना मान्यता देतो. ती मान्यता १८० दिवसांची. दर ७ दिवसांनी मशीन परत सर्व्हरला विचारतं, "मी अजून तुमचाच ना?" उत्तर आलं की १८० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. नोकरी सोडून कुणी कंपनीचा लॅपटॉप घरी नेला, तर सहा महिन्यांत त्याची मान्यता आपोआप आटते.

यात की कुठे आली? आली, पण ती गुपित नाही. विंडोज १० आणि ११ च्या प्रो आवृत्तीसाठीची केएमएसची की मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या साइटवर सरळ छापून ठेवली आहे. टी-८-३-जी-एक्सने संपणारी तीच. सगळा भरवसा सर्व्हरवर, की फक्त त्या दाराची घंटा. मग क्रॅकवाल्यांनी कीच्या मागे लागणं सोडून दिलं आणि खोटा सर्व्हरच उभा केला. मशीन विचारतं, हा "हो हो, आमचाच" म्हणतो, काम झालं. पेन ड्राइव्हवरून 'फुल ॲक्टिव्हेटेड' विंडोज टाकून देणारे बहुतेक जण नेमकं हेच करतात.

मग ती बंद का पडते? दोन कारणं. खोटा सर्व्हर मशीनमध्येच बसवलेला असेल, तर विंडोज डिफेंडरला (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला) तो कधी ना कधी सापडतो. त्याच्या यादीत 'ऑटोकेएमएस' या नावाने नोंद दिसते. डिफेंडरने तो उचलून बाजूला टाकला की हजेरी घेणारं कुणी उरत नाही, आणि १८० दिवसांचं घड्याळ संपायच्या दिशेने चालायला लागतं. दुसरं, खोटा सर्व्हर इंटरनेटवर कुठेतरी परदेशी असेल तर तो बंद पडतो, आणि सी००४एफ०७४ या आकड्यांचा एरर येतो (त्याच्या आधी शून्य-एक्स लागलेलं असतं, ते सगळ्यांनाच असतं). सरांच्या मशीनवर सर्व्हरच्या नावाच्या ओळीत असा काही पत्ता होता, की त्याचा ना त्यांच्या क्लासशी संबंध ना कुठल्या शाळेशी.

यावर आमच्या धंद्यात जो उपाय चालतो तो ऐकून डोकं फिरतं: डिफेंडर बंद करायचा. सहा महिन्यांची अक्षरं जावीत म्हणून घराला दारच ठेवायचं नाही. त्याच लॅपटॉपवर सर पालकांकडून यूपीआयने फी घेतात आणि नेट बँकिंग करतात.

हे सगळं असं का झालं

थोडं मागे जातो, कारण आजचा घोळ कळायला कालचा कळावा लागतो. घाई असेल तर हा भाग सोडा.

विंडोज ९५ ची की आठवते का? तीन आकडे, रेघ, सात आकडे. तपासणी काय, तर मागच्या सात आकड्यांची बेरीज करा आणि सातने भागा. भाग गेला तर आत या. पुढच्या तीन आकड्यांत ३३३ पासून ९९९ पर्यंतचे एकसारखे तिहेरी आकडे तेवढे चालायचे नाहीत. त्यामुळे १११-१११११११ ही की बिनबोभाट चालायची: सात एक्के, बेरीज सात. तिसरीतल्या पोराला वही-पेन्सिल दिली असती तर संध्याकाळपर्यंत त्याने शंभर की काढून दिल्या असत्या. असली तपासणी फक्त टायपिंगची चूक पकडते, चोर नाही पकडत.

पुढे कीची पंचवीस अक्षरं झाली. कधी नीट बघितलंय? त्यात ए, ई, आय, ओ, यू नाहीत. शून्य नाही, एक नाही, पाच नाही, एस नाही. वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून चोवीसच चिन्हं निवडली होती, विंडोज ८ पासून त्यात एन आला. तरी गिऱ्हाईक फोनवर विचारतंच, "हा ओ आहे का झिरो?" दोन्ही नाही काका, तो क्यू किंवा डी असेल. खरी गफलत होते ती बी आणि आठ यांच्यात, आणि जी आणि सहा यांच्यात. स्टिकर पुसट असेल तर आधी या दोन जोड्या उलटसुलट करून बघा, निम्म्या वेळा तिथेच सुटतं.

या नव्या कीमध्ये बेरजेऐवजी गणिती सही असते, त्यामुळे घरबसल्या नवी की बनवणं फार अवघड झालं. पण विंडोज एक्सपीच्या वेळी गंमत झाली. २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी बाजारात आली, आणि त्याच्या काही आठवडे आधीच एका मोठ्या गिऱ्हाइकासाठीची व्हॉल्यूम की (एकच की, पुष्कळ मशीनसाठी) बाहेर फुटली होती. एफ-सी-के-जी-डब्ल्यूने सुरू होणारी. व्हॉल्यूम की असल्यामुळे तिला ॲक्टिव्हेशनच लागायचं नाही. मी तेव्हा एका दुकानात हाताखाली होतो. कोऱ्या सीडीवर निळ्या मार्करने ती लिहिलेली असायची, पण सीडी बघावी लागायची नाही. ज्याला आपल्या घरचा फोन नंबर आठवायचा नाही त्यालाही ती पाठ होती. मला आजही आहे. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ ने (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा) ती की अडवली, म्हणजे ती टाकलेल्या मशीनवर सर्व्हिस पॅकच बसेना. आम्ही काय केलं? सर्व्हिस पॅक टाकायचाच नाही असं ठरवलं. त्यानंतरची वर्षं व्हायरस काढण्यात गेली.

म्हणजे सही कितीही पक्की असो, एक खरी की फुटली की सगळ्या पेठेत तीच. कीला स्वतःला मोजता येत नाही ना! ती एका मशीनवर आहे की एक लाख, हे तिला कसं कळणार? मोजायचं तर बाहेर कुणीतरी पाहिजे. म्हणूनच तर ॲक्टिव्हेशन असतं, म्हणजे की आणि मशीनची हार्डवेअर-खूण यांची सर्व्हरवर जोडी. कॉपीला खरा अडसर घातला असेल तर त्या जोडीने. आणि माझ्यासारख्याच्या दुकानात जी खरी, बिलासकट घेतलेली मशीन अडकून येतात, तीही त्या जोडीमुळेच.

चॅनल 'ओईएम डीएम' असेल तर

ओईएम म्हणजे मशीन बनवणारी कंपनी, म्हणजे लायसन्स मशीनसोबतच आलंय. तुमचं नशीब चांगलं आहे. विंडोज ८ नंतर कंपनीने विंडोजसकट विकलेल्या मशीनची की स्टिकरवर नसते, मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहिलेली असते. प्रत्येक मशीनची वेगळी. योग्य आवृत्ती टाकली तर सेटअप ती स्वतःच वाचतो, विचारतही नाही.

'योग्य आवृत्ती' इथे निम्म्या लोकांचा घात होतो. दुकानात मिळणारे साधे लॅपटॉप बहुधा होम आवृत्तीचे. फॉर्मॅट मारणारा पेन ड्राइव्हवरून डोळे झाकून प्रो टाकतो, कारण त्याच्याकडे तीच तयार असते. चिपमधली होमची की प्रोला लागू होत नाही. मग तो केएमएसचं जुगाड करतो, आणि पैसे मोजून घेतलेलं खरं लायसन्स मशीनच्या पोटात तसंच पडून राहतं. सरांच्या बाबतीत हेच निघालं. शोकीप्लस नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो, तो चालवला तर बोर्डातली की आणि तिची आवृत्ती दोन्ही दाखवतो. त्यात 'होम' अशी ओळ आली तेव्हा सरांना आधी विश्वास बसेना. तीन वेळा पैसे देऊन बसले होते ना.

आता उपाय. होमवरून प्रोवर चढता येतं, प्रोवरून होमवर सरळ उतरता येत नाही. त्यामुळे डेटा बाहेर काढा, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून पेन ड्राइव्ह बनवा आणि नव्याने टाका. की विचारलीच तर 'माझ्याकडे की नाही' यावर टिचकी मारा. नेट जोडलं की पाच मिनिटांत जुळतं. क्रॅक नुसतं पुसून तीच विंडोज ठेवायचा हट्ट असेल तर एसएलएमजीआरच्या पुढे, डी-एल-व्हीसारखीच स्पेस आणि तिरकी रेघ देऊन, यू-पी-के (की काढणे) आणि सी-के-एम-एस (खोट्या सर्व्हरचा पत्ता पुसणे) हे दोन चालवा, मग डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. पण क्रॅकने अजून काय काय सोबत आणलं असेल याची हमी मी देत नाही, म्हणून मी नव्यानेच टाकतो.

विंडोज ७ च्या जमान्यातला लॅपटॉप असेल तर एक जुनी खोच लक्षात ठेवा. खालच्या स्टिकरवरची की वेगळी आणि आत टाकून आलेली की वेगळी असायची. आतली त्या कंपनीच्या ढीगभर लॅपटॉपवर एकच असायची, ती बोर्डातल्या खुणेवर चालायची. प्रोग्रामने ती काढून दुसऱ्या मशीनवर टाकली तर चालणार नाही, मग त्यात दोष कुणाचाच नाही.

शेवटची पाच अक्षरं सगळ्यांची सारखीच कशी?

हा प्रश्न हमखास येतो. "माझ्या आणि मेव्हण्याच्या मशीनची की सेमच दिसते, म्हणजे डुप्लिकेट ना?" नाही. विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स आलं. ते असेल तर मशीनवर एक सर्वसाधारण की बसते, प्रोची ३-व्ही-६-६-टी ने संपणारी, होमची ८-एच-व्ही-एक्स-७ ने. खरा हक्क सर्व्हरवर तुमच्या हार्डवेअरच्या खुणेपाशी नोंदलेला असतो. म्हणजे इथे मायक्रोसॉफ्टनेच मान्य केलं, की की फक्त नावाला.

त्यामुळे मदरबोर्ड बदलला की ही नोंद तुटते आणि सी००४एफ२११ येतो. इथे मी स्वतः खाल्लेली माती सांगतो. एका किराणा दुकानदारकाकांच्या मशीनचा बोर्ड गेला होता. मी सेकंडहँड बोर्ड बसवला, मशीन सुरू झालं, खुशीत पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी काका हजर, कोपऱ्यात अक्षरं. बोर्ड बदलायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन लायसन्स त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घेतलं असतं, तर नंतर ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललंय' हा पर्याय निवडून ते परत मिळवता आलं असतं. आता जुना बोर्ड मेलेला, अकाउंट जोडलेलं नाही, विचारायचं कुणाला? नवं लायसन्स माझ्या खिशातून गेलं. तेव्हापासून 'अकाउंट जोडलंय का?' हे विचारल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. चिपमधली की असेल तर मात्र ती बोर्डाबरोबरच जाते. ते काम कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या, तिथे नव्या बोर्डात की लिहून मिळते.

ऑनलाइन घेतलेली स्वस्त की

दोन-तीनशे रुपयांची की ईमेलवर येते, टाकली की लगेच जुळते, आणि काही महिन्यांनी सी००४सी००३ (की अडवली गेली) किंवा सी००४सी००८ (मर्यादेपेक्षा जास्त मशीनवर वापरली) असं येतं. चॅनलमध्ये 'व्हॉल्यूम एमएके' दिसलं तर समजा, की कुठल्या तरी संस्थेला दिलेली, ठरावीक मशीनपुरती की तुम्हाला सुटी विकली गेली. तुमच्याआधी कितीजणांना गेली हे विकणारा सांगणार नाही. विकणाऱ्याने बदलून दिली तरी तीही त्याच पोत्यातली. पावतीवर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर नसेल तर मी तरी दुकानात ती टाकत नाही.

कायद्याचंही एका ओळीत: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद माफ करायची मुभा कोर्टाला आहे. क्लास हा धंदाच.

बारीकसारीक

काहीच न करता एकाएकी अक्षरं आली? आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि चुकीच्या तारखेवर सर्व्हरशी बोलणंच होत नाही. सेल बदला, तारीख लावा, परत जोडा. तारीखही ठीक असेल तर एक दिवस थांबा. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तपासणी सर्व्हर बिघडले आणि खरी विंडोज असलेल्यांना 'तुमची नकली' असा निरोप गेला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तर खऱ्या प्रो मशीनना तुमच्याकडे होमचं लायसन्स आहे असं सांगितलं गेलं. दोन्ही वेळा दुरुस्ती तिकडूनच झाली. अशा वेळी घाबरून फॉर्मॅट मारू नका.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा (वर्ड-एक्सेलवाला) कार्ड-डबा जपून ठेवलाय आणि त्यावरची की 'आधीच वापरली आहे' असं सांगते? बरोबरच सांगते. पहिल्यांदा टाकली तेव्हा ती एका मायक्रोसॉफ्ट अकाउंटला बांधली गेली, आता ते कार्ड रद्दी. ते अकाउंट ज्या ईमेलवर आहे तो ईमेल शोधा. बऱ्याचदा तो लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या पोराने घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढलेला असतो, आणि ते पोरगं आता पुण्याला नोकरीला असतं. त्याला फोन लावा.

सरांचा लॅपटॉप संध्याकाळी सात वाजता तयार झाला. होम टाकली, की टाकली नाही, कोपरा साफ. डी-एल-व्ही चालवून दाखवलं: चॅनल 'ओईएम डीएम', मुदतीची ओळच नाही. सरांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं, फोटो काढला, आणि विचारलं, "मग यात मागच्या तीन वेळचे पैसे कशाचे होते?" मी चार्जर गुंडाळून पिशवीत घातला आणि आजचं बिल लिहायला घेतलं.